कोड : त्वचेवरचे आणि समाजमनावरचे

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



त्वचारोगांवरील नव्या संशोधनाविषयी सर्वसामान्य कुटुंबांना समजेल अशा भाषेत बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. मी वैद्यकाचा पदवीधर नाही. कलाशाखेतून बाहेर पडलो आणि पत्रकारितेत रमलो. त्यामुळे चिकित्सकाच्या अधिकाराने मी काही सांगणार नाही. जे वाचले आणि समजून घेतले, ते आपल्यापुढे मांडणार आहे. त्वचारोगांचा पसारा फार मोठा आहे. म्हणून आज एकाच विकाराविषयी बोलावे असे ठरवले आहे. तो विकार म्हणजे कोड, अर्थात पांढरे डाग.

हाच विकार का निवडला? कोडाने जीव जात नाही. अंग दुखत नाही, बुद्धी मंदावत नाही, हातापायांतली ताकद कमी होत नाही. आणि तरीही या एका डागापायी ठरलेले विवाह मोडतात, शिकलेल्या मुली घरात कोंडल्यासारख्या राहतात, भावंडांची लग्ने अडू नयेत म्हणून एखादे मूल पाहुण्यांपासून लपवले जाते. ज्या रोगात शरीराची पीडा इतकी थोडी आणि मनाची इतकी मोठी, त्या रोगाचा निम्मा उपचार समाजाच्या हाती असतो. माझ्या आजच्या बोलण्याचे सूत्र एवढेच आहे.

जगभरातील पाहण्यांनुसार लोकसंख्येच्या सुमारे अर्धा ते दोन टक्के लोकांना कोड असते. स्त्री-पुरुष असा भेद हा विकार करत नाही. जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये त्याची सुरुवात विसाव्या वर्षापूर्वी होते, म्हणजे नेमकी शाळा-महाविद्यालयाच्या आणि पुढे लग्नाच्या वयात. आपल्या डोळ्यांना सावळ्या वर्णावरचा पांढरा डाग चटकन दिसतो, म्हणून आपल्या देशात त्याचा बोभाटाही अधिक होतो.

आता हा डाग पडतो कशामुळे? आपल्या त्वचेला रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते तयार करणाऱ्या रंगपेशी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असतात. कोडामध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या रंगपेशींना परके समजते आणि त्यांच्यावर चालून जाते. रक्षणासाठी नेमलेल्या शिपायाने घरच्याच माणसावर शस्त्र उगारावे, तसा हा प्रकार आहे. हे शिपाई म्हणजे टी पेशी. त्या ‘इंटरफेरॉन गॅमा’ नावाचे रसायन सोडतात, त्याच्या संकेताने त्वचेतून नवे निरोप जातात आणि आणखी टी पेशी तेथे गोळा होतात. डाग भरून आल्यानंतरही काही ‘स्मृतिपेशी’ त्याच जागी दबा धरून राहतात. उपचार थांबल्यावर अनेकदा त्याच ठिकाणी पुन्हा डाग का दिसतो, याचे उत्तर संशोधकांना गेल्या काही वर्षांत मिळाले ते येथे.

ही कारणमीमांसा एकदा समजली की कितीतरी गैरसमज आपोआप गळून पडतात. कोड स्पर्शाने पसरत नाही. एकत्र जेवल्याने, एकमेकांचे कपडे वापरल्याने वा संसार केल्याने ते दुसऱ्याला होत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होते, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. मुलाचे दही, लिंबू, चिंच बंद करून त्याच्या जिभेला शिक्षा देण्याचेही कारण नाही.

राहता राहिला आनुवंशिकतेचा प्रश्न. लग्नाच्या बैठकीत तोच सर्वांत आधी पुढे येतो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलतो. आनुवंशिकतेचा वाटा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो केवढा? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही ते असण्याचे प्रमाण केवळ २३ टक्के होते. रुग्णांच्या सख्ख्या भावंडांमध्ये ते सुमारे ६ टक्के आढळले. ज्यांची जनुके सारखी, त्यांच्यातही चारांपैकी तिघे सुटतात. मग आत्याला कोड होते म्हणून भाचीचे स्थळ नाकारणाऱ्यांनी कोणत्या शास्त्राचा आधार घेतला?

येथे आपल्या प्राचीन वैद्यकाकडे वळावे लागेल. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील २३ आणि २४ या सूक्तांत ‘किलास’ म्हणजे पांढऱ्या डागांवर वनस्पतींची योजना येते. सुश्रुताने किलास आणि इतर कुष्ठ यांतला फरक नोंदवताना सांगितले, की किलास त्वचेपुरते मर्यादित असते आणि त्यातून स्राव होत नाही. केवढे हे सूक्ष्म निरीक्षण! बावचीच्या बिया आणि सूर्यप्रकाश यांचा उपयोगही आपल्याकडे फार जुना. या वारशाचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र अभिमान डोळस हवा. चरकसंहितेत श्वित्राच्या कारणांमध्ये असत्य भाषण, कृतघ्नपणा, गुरुजनांची निंदा आणि पूर्वजन्मीचे कर्म यांचाही उल्लेख आहे. त्या काळच्या ज्ञानाची ती मर्यादा होती. आज ते वचन उचलून एखाद्या निष्पाप मुलीला ‘पूर्वसंचित’ ऐकवणे हा त्या ऋषितुल्य वैद्यांचाही अवमान ठरेल. सुश्रुताचे निरीक्षण घ्यावे आणि हा दोषारोप मागे ठेवावा, हाच परंपरेचा विवेक.

‘श्वेतकुष्ठ’ हा शब्दही आता आपण टाकून द्यायला हवा. कोडाचा आणि कुष्ठरोगाचा काहीही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, त्यातील चट्ट्याची संवेदना सहसा कमी झालेली असते. आणि तोही बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद संसदेने २०१९ मध्ये आपल्या वैयक्तिक कायद्यांतून काढून टाकली. कायदा पुढे गेला. आपली भाषा मागे राहू नये.

आता उपचारांकडे वळू. बावचीतील गुणकारी द्रव्याचे नाव ‘सोरालेन’. इजिप्तमध्ये नाईल खोऱ्यातील एका वनस्पतीतून त्याच जातीचे औषध वेगळे करून १९४० च्या दशकात कोडावर वापरले गेले. सोरालेन आणि अतिनील किरण यांच्या जोडीतून पुढे ‘पुवा’ ही पद्धती रूढ झाली. १९९७ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी सोरालेनशिवाय, केवळ ३११ नॅनोमीटर लांबीच्या किरणांनी चांगला परिणाम मिळतो असे दाखवले. हीच आजची ‘नॅरोबँड यूव्हीबी’ चिकित्सा. विस्तृत कोडासाठी ती आज मुख्य आधार मानली जाते. डाग वेगाने पसरत असतील तर आठवड्यातून सलग दोनच दिवस स्टेरॉइड द्यायचे, ही पद्धत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी विकसित केली. भारतीय वैद्यकाचे हे योगदान आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? डाग किमान वर्षभर स्थिर असेल तर निरोगी त्वचेतील रंगपेशी तेथे रोपण करण्याची शस्त्रक्रियाही केली जाते.

त्यानंतरची मोठी वार्ता २०२२ ची. इंटरफेरॉनचा संकेत पेशीच्या आत पोहोचवणारी ‘जॅनस कायनेज’ नावाची विकरे असतात. त्यांना रोखणाऱ्या ‘रुक्सोलिटिनिब’ या मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२२ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता दिली. कोडात रंग परत आणण्यासाठी तेथे मान्यता मिळालेले हे पहिलेच औषध. ६७४ रुग्णांवरील दोन चाचण्यांत २४ आठवड्यांनंतर सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरील डाग तीन चतुर्थांश वा अधिक भरून आले. नुसते मलम लावलेल्या गटांत हे प्रमाण ७ ते ११ टक्के होते. आशा वाटावी असे हे आकडे आहेत, पण ते चमत्काराचे नाहीत. दहांपैकी सातांना सहा महिन्यांत तेवढा गुण आला नाही. शिवाय या वर्गातील औषधांच्या माहितीपत्रकात गंभीर संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या यांबाबत ठळक इशारा छापलेला असतो. म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय ते वापरू नये.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवा रंग बहुधा केसांच्या मुळांतील रंगपेशींपासून पसरतो. त्यामुळे चेहरा लवकर भरतो आणि बोटांची टोके, ओठ फार चिवटपणा दाखवतात. दुसरे असे, की डाग कोवळा असताना उपचार सुरू झाले तर यश अधिक. पांढरा दिसणारा प्रत्येक डाग कोड नसतो, ती शिबेही असू शकतात. म्हणून डाग दिसताच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. लपवण्यात घालवलेली दोन वर्षे फार महाग पडतात. घरच्या घरी बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याने अनेकांची त्वचा भाजली आहे, तो प्रयोग करू नये.

भगिनींसाठी एक सूचना. चिकटवण्याच्या काही टिकल्यांच्या डिंकातील रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडल्याची उदाहरणे आपल्याच देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. टिकलीखाली खाज आली तर ती टिकली लगेच सोडून कुंकवाकडे वळावे. ज्यांना कोड आहे त्यांनी परकराची नाडी फार आवळू नये. सतत घर्षण होते तेथे नवा डाग उमटू शकतो.

पत्रकार म्हणून एका गोष्टीबद्दल बोललेच पाहिजे. ‘पांढरे डाग काही दिवसांत नाहीसे’ अशा जाहिराती आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात कोडाचे नाव आहे. म्हणजे ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात देणे हाच गुन्हा. अशी जाहिरात छापणारे आणि ती वाचून पैसे पाठवणारे, दोघांनीही हे लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात या विषयावर मोकळेपणाने बोलण्याचे प्रयत्न झाले आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या २००६ च्या चित्रपटाची नायिका कोड असलेली एक डॉक्टर आहे. पुण्यातील ‘श्वेता असोसिएशन’ने अशा व्यक्तींना एकत्र आणून परस्परांचा आधार मिळवून दिला. परंतु चित्रपट आणि संस्था यांच्या पलीकडे खरी परीक्षा आपल्या दिवाणखान्यात होते. तेथे स्थळ पाहिले जाते, पत्रिका उघडली जाते आणि कुजबूज सुरू होते.

बंधू-भगिनींनो, समाज एकरस व्हावा असे आपण म्हणतो. जन्माने मिळालेल्या जातीवरून माणसाला दूर ठेवणे जसे पाप, तसेच शरीराने दिलेल्या डागावरून दूर ठेवणेही पाप. म्हणून तीन गोष्टी घरी घेऊन जा. कोड असलेल्या व्यक्तीला हळदी-कुंकवाला, मंगलकार्याला आवर्जून बोलवा आणि पंक्तीत आपल्या शेजारी बसवा. विवाह ठरवताना कोड असेल तर ते सांगा, कारण लपवलेला डाग पुढे संसाराला डागतो. आणि समोरच्याने ते प्रामाणिकपणे सांगितले, तर त्या प्रामाणिकपणाची किंमत त्याला मोजायला लावू नका.

संशोधक त्यांचे काम प्रयोगशाळेत करीत आहेत. त्यांचे मलम रंग परत आणील वा न आणील. त्या मुलीचे समाजातले स्थान मात्र आपण आजच, एक रुपयाही खर्च न करता, तिला परत देऊ शकतो.