कच्च्या लिंबाने फोडलेली लगोरी

फलकावर विषय होता 'बालकांचे स्वातंत्र्य : काल, आज आणि उद्या'. व्याख्यानमालेचं चौथं पुष्प गुंफायला आलेले निवृत्त क्रीडाशिक्षक माइकपाशी आले, मागे वळून त्यांनी फलक सावकाश वाचला आणि म्हणाले, "काल मला ठाऊक आहे. आज मी गॅलरीतून बघतो. उद्याचं संयोजकांना विचारा." पहिला हशा वसूल झाला. मग त्यांनी खिशातून एक पितळी शिट्टी काढून टेबलावर ठेवली. ही एकतीस वर्षं गळ्यात होती, आज हिच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलोय, असं सांगून त्यांनी पाण्याचा पेला जवळ ओढला.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिची धाकटी भावंडं आज महाराष्ट्रात नगरोनगरी आहेत, आणि त्या सगळ्यांचा श्रोतृवर्ग साधारण एकच असतो. पहिल्या चार रांगा साठीच्या पुढच्या, पाचवीत पेन्शनीला टेकलेले, शेवटच्या रांगेत आभार मानायला थांबलेले कार्यकर्ते. वक्त्यांनी हे हेरलं. "ज्यांनी हे व्याख्यान ऐकायला हवं ते आत्ता कुठे आहेत? मुलांना क्लासहून आणायला गेलेत," असं ते म्हणाले तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी घड्याळ पाहिलं आणि ते चक्क उठून गेले. नातवाची वेळ झाली होती.

जुन्या खेळांची यादी वाचायला त्यांनी साफ नकार दिला. सूरपारंब्या, विटीदांडू, आट्यापाट्या, डबा ऐसपैस ही नावं तुमच्या गुडघ्यांवर लिहिलेली आहेत, ती घरी जाऊन वाचा, म्हणाले. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर कुठे कुठे हुंदडला, हेही सांगायची गरज नाही. मात्र साने गुरुजींपाशी ते क्षणभर थांबले. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला बाहेर काढून, मारून विहिरीकडे धाडणारी ती आई आज असती तर सोसायटीच्या ग्रुपवर तिचं काय झालं असतं, असं ते विचारतात न विचारतात तोच डावीकडून आवाज आला, "पण विहिरीत पोहणारी माणसं होती!" वक्ते हसले. "होती. मुद्दा लक्षात ठेवा, मला पुढे तो नडणार आहे."

तो नडलाही. पण त्याआधी लगोरी.

ही हकिगत पाच मिनिटांत सांगायची ठरली असावी, कारण त्यांच्या हातातल्या टिपणात तिच्यासाठी एकच ओळ होती. ती अर्धा तास चालली. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच मे महिन्यात त्यांचा घोटा मोडला. पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे घरी. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं आणि खाली पार्किंगमध्ये खेळणारी पोरं बघायची. पाच ते तेरा वयाची अकरा मुलं. फरशीचे सात तुकडे एकावर एक रचून लगोरी केलेली, टेनिसचा एक टक्कल पडलेला चेंडू. त्यात पाच वर्षांची एक मुलगी, भावाच्या बोटाला धरून आलेली. आई कामावर, म्हणून तिला सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर. हिला घेतलं तर मी येणार, असं भावाने बजावल्यावर मुलांनी सनातन तोडगा काढला. ही कच्चं लिंबू.

सभागृहात कुणालाही याचा अर्थ सांगावा लागला नाही. एका बाईंनी शेजारणीला कोपराने ढोसलं. कच्चं लिंबू म्हणजे खेळात आहे पण बाद होत नाही, तिच्यावर राज्य येत नाही, चेंडू लागला तरी लागला असं धरत नाहीत. बंगाली मुलं अशा भिडूला दूधभात म्हणतात.

तर चौथ्या दिवशी या कच्च्या लिंबाने चेंडू टाकला. तो लगोरीच्या दोन हात बाजूने गेला, एका स्कूटरच्या स्टँडला लागून परत आला आणि सातही फरश्या कोसळल्या. पुढची चाळीस मिनिटं खेळ झालाच नाही. एका बाजूचं म्हणणं, कच्च्या लिंबाचं धरत नाहीत. दुसरी बाजू म्हणाली, बाद धरत नाहीत, फोडलेली लगोरी का धरायची नाही? तिसरा म्हणाला, आधी स्कूटरचं बोला, गाडीला लागलेला चेंडू मेलेला. एकाने मामाच्या गावच्या नियमाचा दाखला दिला. तो दाखला या पार्किंगला लागू नाही असं दोघांनी मिळून ठरवलं. एक मुलगा मधेच घरी जाऊन पाणी पिऊन आला आणि जिथे वाद सोडला होता तिथूनच पुढे बोलू लागला. शेवटी दोन वेण्यांच्या एका मुलीने निवाडा दिला : लगोरी धरायची, पण आजपासून ही पक्की. भाऊ उसळला, ही लहान आहे, चेंडू लागेल. त्यावर दुरुस्ती झाली : पक्की, पण हिला चेंडू कमरेखालीच मारायचा. सगळ्यांना पटलं. आणि ज्या मुलीने लगोरी फोडली तिनेच भोकाड पसरलं, कारण तिला पक्कं व्हायचं नव्हतं.

"एकतीस वर्षांत माझ्या मैदानावर असा युक्तिवाद एकदाही झाला नाही," वक्ते म्हणाले. "कसा होईल? मी चार सेकंदांत शिट्टी मारून निकाल दिला असता. निकाल बरोबरच असता. पण तो माझा असता."

इथून संध्याकाळ त्यांच्या लाडक्या सिद्धांताकडे झुकली ती झुकलीच. मुलांना मोकळं सोडा असं सांगणारे पुष्कळ जण हातपाय मजबूत होतात, धीटपणा येतो वगैरे सांगतात. वक्त्यांना त्यात फारसा रस नव्हता. त्यांचं म्हणणं असं की मोठी माणसं बाजूला झाली की मुलं पहिलं काम करतात ते कायदा बनवण्याचं, आणि दुसरं काम करतात ते त्या कायद्यात दुबळ्यासाठी जागा ठेवण्याचं. कच्चं लिंबू हे कुठल्याही क्रीडा-अकादमीत सापडत नाही. डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले, पुढे त्यांची पुस्तकं झाली. त्यांत खांब आहेत, पाट्या आहेत, मिनिटं आहेत, कच्चं लिंबू नाही. अकादमीत दहाच्या आतले वेगळे, बाराच्या आतले वेगळे, शुल्क वेगळं. पाच वर्षांच्या मुलीला तेरा वर्षांच्या मुलाबरोबर खेळवायचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही, त्यामुळे तो सोडवायची पाळीही कुणावर येत नाही.

साक्षीला त्यांनी जाँ पियाजेला बोलावलं. न्यूशातेल आणि जिनिव्हाच्या मुलांबरोबर हा स्विस मानसशास्त्रज्ञ गोट्या खेळायला बसला. आपल्याला खेळ ठाऊकच नाही असं भासवायचा आणि मुलांकडून नियम शिकून घ्यायचा. नीतीची जाण मुलांत कशी येते यावरचं त्याचं पुस्तक १९३२ साली निघालं. लहानांना वाटायचं की नियम थोरामोठ्यांनी घालून दिलेत, बदलता येणार नाहीत. दहा-बारा वर्षांच्यांना मात्र उमगलेलं असायचं की सगळ्यांची संमती असेल तर नियम बदलतो. पियाजेच्या मते ही जाण बरोबरीच्या सवंगड्यांशी घासाघीस करताना येते. "चार सेकंदांच्या शिट्टीत घासाघीस कुठली?" वक्त्यांनी शिट्टी उचलली, पुन्हा ठेवली. अध्यक्षांनी तेवढ्यात एक चिठ्ठी पुढे सरकवली. साडेआठला भजनी मंडळाला सभागृह द्यायचं होतं. आठ वाजून बारा मिनिटं झाली होती.

मग एकदम धावपळ. ज्या आकड्यांवर खरं तर व्याख्यान उभं राहायला हवं होतं ते टेबलावरून गारांसारखे पडले. मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये पाहणी केली : सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं १९७१ साली मोठ्यांशिवाय शाळेत जात, १९९० साली ९ टक्के. एका पिढीत. अमेरिकेत युटा राज्याला २०१८ साली कायदा करून सांगावं लागलं की पोरगं एकटं चालत शाळेत किंवा मैदानावर गेलं म्हणून आईबापांनी हेळसांड केली असं होत नाही. डेन्मार्कमध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात, १९४३ साली सोरेनसेन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून मुलांना भंगाराचं मैदान मिळालं : फळ्या, विटा, खिळे, हातोड्या. आपण आखलेल्या बागांपेक्षा मुलं अर्धवट बांधकामांवर जास्त रमतात, हे त्याच्या आधीच ध्यानात आलं होतं. जपानी दूरचित्रवाणीवर १९९१ पासून एक कार्यक्रम चालतो, त्यात चिमुरडी मुलं पहिल्यांदा एकटी दुकानातून सामान आणायला निघतात. (कॅमेरे घेतलेली माणसं वेष पालटून आसपास वावरत असतात, हे वक्त्यांनी सांगितलं नाही. वेळ नव्हता, किंवा सोयीचं नव्हतं.)

चटका लावून गेली ती कोसबाडची कुरणशाळा, आणि तिला मिळाली दीड मिनिटं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात. मग शाळाच कुरणात गेली. बाई गुरांमागे, पोरांमागे. लगोरीची दहा मिनिटं कापून इथे दिली असती तर व्याख्यान उजळलं असतं, पण वक्त्याचा जीव जिथे अडकलेला असतो तिथेच घड्याळ जास्त पळतं.

प्रश्नोत्तरांना सहा मिनिटं उरली. एका निवृत्त अभियंत्यांनी प्रश्नापेक्षा आकडाच ठेवला : रस्ते अपघातांत २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी. कुठे सोडायचं पोराला? वक्ते जरा चिडले. "म्हणून मी पार्किंगचं बोललो, हायवेचं नाही." टाळ्या पडल्या, पण उत्तर अपुरं होतं. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावर चारशेच्या वर मुलं मेली, तेव्हा आईबाप मुलांना घरात कोंडून स्वस्थ बसले नाहीत. 'बालहत्या थांबवा' म्हणत ते रस्त्यावर उतरले. आज तिथली मुलं सायकलवर एकटी शाळेत जातात त्यामागे ते आंदोलनही आहे. म्हणजे मूल मोकळं सोडायचं तर आधी मोटारीला आवरावं लागतं. क्रीडाशिक्षकांच्या व्याख्यानात मोटार जवळजवळ नव्हतीच.

परकी माणसं मुलं पळवतात त्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षामागून वर्षं सांगत आले आहेत, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. सभागृह गप्प झालं. मागच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, हुंदडायला मुलगेच जायचे, आम्हाला तेराव्या वर्षी घरात घेतलं, आमची भोंडल्यापुरती मोकळीक. यावर वक्त्यांनी दोन वेण्यांच्या मुलीकडे बोट दाखवलं. ते एक उदाहरण, आजींचं सगळं आयुष्य. आजींना ते पटलेलं दिसलं नाही.

शेवटचा प्रश्न पस्तिशीतल्या एका बाईंचा, बहुधा तिथल्या एकमेव ज्यांचं मूल लगोरीच्या वयाचं होतं. त्या म्हणाल्या, "काका, लक्ष नव्हतं असं तुम्ही म्हणता, पण वाड्यात दहा गॅलऱ्यांत दहा आज्या होत्या. विहिरीत माणसं होती. आणि ती पोरं भांडत होती तेव्हा तुम्ही स्वतः वर बसून बघत होतात. मुलांना ठाऊक होतं ना?"

वक्ते थोडा वेळ बोलले नाहीत. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले होते.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण माझा पाय प्लास्टरमध्ये आहे, मी खाली येऊ शकत नाही, हेही ठाऊक होतं."

संध्याकाळचं सर्वांत मोलाचं वाक्य ते हेच, आणि त्यावर बोलायला वेळ नव्हता. टाळांच्या पिशव्या घेऊन भजनी मंडळ दारात उभं होतं. आभार उरकले, श्रीफळ झालं, शाल खांद्यावरून घसरली ती कार्यकर्त्याने सावरली.

सभागृहामागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळतींआड कार्यकर्त्यांची पाच-सहा मुलं लपंडाव खेळत होती. एकीला आईची हाक आली म्हणून तिने मूठ ओठांना लावून टाइम प्लीज घेतली होती, आणि आईच्या हाकेसाठी टाइम प्लीज चालते की नाही यावर कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. रिक्षाकडे निघालेले वक्ते आवाज ऐकून थबकले, शाल सावरत अंधारात चार पावलं आत गेले आणि त्यांनी हौसेने विचारलं, "काय रे, राज्य कुणावर आहे?"

भांडण थांबलं. मुलं सरळ उभी राहिली.

"काही नाही, आजोबा," टाइम प्लीजवाली मुलगी म्हणाली, "असंच." ते फाटकाबाहेर जाईपर्यंत कुणीच हललं नाही.