खेड्यातला डॉक्टर आणि त्याचा रोगी



केजला बाजाराच्या दिवशी दवाखान्यात पाऊल ठेवायला जागा नसते. खेड्यातला माणूस बाजाराला येतो तेव्हाच आपले दुखणेही बरोबर घेऊन येतो. दुखण्यासाठी वेगळा दिवस मोडणे त्याला परवडत नाही. अशाच एका बाजाराच्या दिवशी, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या सुमारास, एक बाई माझ्यापुढे येऊन बसली. वय तिशीच्या आतले. "ओटीपोटात दुखतंय, अंगावरून जातंय," एवढेच बोलली, तेही मान खाली घालून. तिच्यामागे चाळीस माणसे उभी होती. मी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्याला हाक मारली.

चैत्रात ती कारखान्यावरून परत आली, तेव्हा तिची पिशवी काढलेली होती. "काढली नाही तर कॅन्सर होईल," असे तिला परगावच्या एका डॉक्टराने सांगितले होते. मला वाईट वाटले. मी म्हणालो, "अहो बाई, आधी मला तरी विचारायचं." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुमी तरी कुठं काय इचारलं होतं, सायेब?"

ते खरे होते. मी काहीच विचारले नव्हते. ती कोयत्यावर जाते का, फडात पाणी मिळते का, पाळीच्या दिवसांत ती काय करते, एवढे विचारायला पाच मिनिटे पुरली असती. मग मला कळले असते, की अंघोळीला आडोसा नाही, संडास नाही, पहाटेपासून मोळ्या उचलायच्या, आणि एक दिवस बसले तर मुकादम खाड्याचे पैसे उचलीत धरतो. तिच्या दुखण्याचे मूळ तिथे होते. बहुतेक वेळा असे दुखणे जंतुसंसर्गाचे असते आणि योग्य औषधाने ते बरे होते. ऐन तिशीत पिशवी काढणे हा त्यावरचा पहिला उपाय नव्हे. त्यातून बीजकोशही काढले, तर बाईला अकाली म्हातारपण येते, हाडे ठिसूळ होतात.

ही एकटीची गोष्ट नव्हे. 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने आपल्या बीड जिल्ह्यात याची चौकशी केली. 82 हजारांवर ऊसतोड बायकांकडून माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली आढळली. यात कोणाचा किती दोष, हे सांगायला मी आज आलो नाही. मला बोलायचे आहे ते डॉक्टराच्या विचारण्याविषयी आणि ऐकण्याविषयी. ते कसे असावे याचा धडा आपल्या शेजारीच आहे.

केजहून मांजरसुंब्याला जावे, तिथून पाटोद्याच्या रस्त्याला लागावे, सौताडा मागे टाकावा, की जिल्ह्याची शीव संपते आणि जामखेड येते. त्या वेळचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. माती तीच, दुष्काळही तोच. या गावी 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी येऊन राहिले.

रजनीकांत याच जिल्ह्यातले, शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव. मेबलबाई जबलपूरच्या. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, आणि लग्न करताना त्यांनी ठरवले की आपले आयुष्य गोरगरिबांच्या कामी लावायचे. पुढे त्यांनी वडाळ्याच्या मिशन इस्पितळात चार वर्षे काढली. दिवसरात्र काम केले. परंतु त्यांच्या असे ध्यानात आले, की बरा करून घरी धाडलेला रोगी काही दिवसांनी तेच दुखणे घेऊन परत येतो. जुलाबाचे मूल बरे होते नि पुन्हा तेच गढूळ पाणी पिते. मग इस्पितळाचा उपयोग किती? हा प्रश्न घेऊन ते अमेरिकेला गेले, आणि शस्त्रक्रिया वगैरेबरोबर सार्वजनिक आरोग्याचेही शिक्षण घेऊन आले. तिकडे राहिले असते तर पैशाला कमी नव्हते. ते आले जामखेडला, आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी आपला दवाखाना मांडला!

आता त्यांची रीत पाहा. औषधाची पेटी घेऊन ते गावात शिरले नाहीत. आधी गावकऱ्यांना विचारले, "तुम्हाला काय पाहिजे?" लोकांनी औषध मागितले नाही, लोक म्हणाले, अन्न पाहिजे, पाणी पाहिजे. दुसरा एखादा डॉक्टर म्हणाला असता, हे माझे काम नव्हे. आरोळ्यांनी तेच आधी हाती घेतले. 1972 च्या दुष्काळाच्या काळात हातपंप बसवले, ते दलित वस्तीत. ज्याला पाणी पाहिजे त्याने तिथे यावे! असे पाणीही आले आणि शिवाशिवीच्या भिंतीलाही तडा गेला.

पुढे प्रश्न आला, की गावोगाव रोजची देखभाल कोणी करायची? शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात. तेव्हा गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्याला त्या जामखेडला येत, आपल्या गावात काय पाहिले ते सांगत, नवीन काही शिकून परत जात. मुलाचे वजन करणे, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजणे, गरोदर बाईवर नजर ठेवणे, स्वच्छ हातांनी बाळंतपण करणे, महारोग नि क्षय वेळीच ओळखणे, अशी कामे या बायांनी केली. 1971 च्या सुमारास त्या गावांत हजार जन्मलेल्या मुलांमागे 176 मुले वर्षाच्या आत दगावत. वीस-बावीस वर्षांत हा आकडा विसाच्या घरात आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यांतल्याच एक मुक्ताबाई पोळ. अमेरिकेतल्या एका परिषदेत त्यांना बोलायला बोलावले होते. सभागृहात मोठे झुंबर लटकत होते. त्या म्हणाल्या, त्याचा अर्थ असा: हे झुंबर सुंदर आहे, पण महाग आहे आणि हात पोचत नाही इतके उंच आहे. आम्ही पणत्या आहोत. एका पणतीवरून दुसरी लावता येते. डॉक्टरांनीही उतरून ऐकावे असेच हे बोल होते.

मेबलबाई 1999 साली गेल्या, डॉक्टरसाहेब 2011 साली. परंतु त्यांची शिकवण आपल्या गावात पोचलेली आहे. 2005 पासून गावोगाव आशाताई आल्या, त्यांच्यामागे जामखेडसारख्या कामाचाच अनुभव आहे. तेव्हा आशाताई दारात आली तर "सही करायची असेल" म्हणून तिला वाटेला लावू नका. तिला बसवा, बोलू द्या, आपलेही सांगा.

आणि गुरुजी नि बाई, तुम्हाला एक विनंती. टोळी निघण्यापूर्वी तुमच्या वर्गातल्या मुलांचे आईबाप भेटतातच. तेव्हा आयांना एवढे सांगा: डॉक्टराने शस्त्रक्रिया सांगितली, तर भिऊन लगेच हो म्हणू नका. केजच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात दुसऱ्यांदा दाखवा. "औषधाने बरे होणार नाही का?" असे डॉक्टराला विचारा. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. कागद सांभाळून ठेवा.

माझे म्हणाल, तर त्या बाईच्या बोलण्यानंतर मी एक नियम केला. टेबलाच्या पलीकडे ठेवलेले स्टूल माझ्या खुर्चीशेजारी आणले. रोगी बसला, की औषधाच्या आधी त्याला तीन गोष्टी विचारतो: काम काय करता, पाणी कुठले पिता, घरी कोण आहे. रांग लांबते. मागचे लोक कुरकुरतात. त्यांचीही पाळी आली, की मग त्यांना राग राहत नाही. ती बाई अजून येते, कंबर धरून. तिचे गेलेले मला परत देता येत नाही. पण आता तिची लेक बरोबर असते, आणि बोलायला लेकच सुरुवात करते.