शेजाऱ्याच्या सभागृहातली उमेदवारी



सुतारमेटावर एखादा पोरगा कामाला राहतो. पहिले काही महिने त्याच्या हाती कोणी रंधा देत नाही. तो भुसा झाडतो, फळ्या उचलून देतो आणि मिस्त्रीचे हात पाहत बसतो. आपल्याकडे ह्याला उमेदवारी म्हणतात. शिंप्याकडे, वकिलाकडे, मोटारदुरुस्तीच्या दुकानात, सगळीकडे ही रीत आहे. आता गंमत पहा. निवडणुकीला जो उभा राहतो त्यालाही आपण उमेदवारच म्हणतो. पण कायदे करण्याचे काम त्याने आधी कोणापाशी बसून शिकलेले असतेच असे नाही. तो निवडून आला की एकदम रंधाच हातात घेतो.

मग कायदेमंडळात अशी उमेदवारी करता येईल का? येते, आणि काही देशांत ती पुष्कळ वर्षे चालू आहे. इतकेच नव्हे, तर उमेदवारी करणारी मुले शेजारच्या देशाच्या कायदेमंडळात जाऊन तिथली रीतही पाहून येतात. कॅनडा आणि अमेरिका ह्या दोन शेजाऱ्यांची ही हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे. ती दूरदेशची आहे खरी. पण शेवटी ती आपल्या कृष्णाकाठी येऊन पोहोचते.

कॅनडाची राजधानी ओटावा. तिथल्या लोकसभेला हाउस ऑफ कॉमन्स म्हणतात. ओंटारियो प्रांतातून निवडून आलेले आल्फ्रेड हेल्स नावाचे एक सभासद होते. त्यांच्या प्रयत्नाने १९६९ साली संसदेत उमेदवारीची योजना सुरू झाली. दर वर्षी दहाएक पदवीधर तरुण-तरुणी निवडतात. ती दहा महिने संसदेत राहून काम करतात आणि त्यांना विद्यावेतन मिळते. योजना चालवते ती राज्यशास्त्राच्या अभ्यासकांची संस्था. कोणताही पक्ष ती चालवीत नाही.

आणि तिच्यात एक मोठी शहाणपणाची अट आहे. प्रत्येक उमेदवाराने निम्मा काळ सरकारपक्षाच्या सभासदाकडे काम करायचे आणि निम्मा काळ विरोधी पक्षाच्या सभासदाकडे.

तुम्ही म्हणाल, ह्यात एवढे शहाणपण ते काय? पाहू या. समजा, एका शेतकऱ्याचे पत्र आले की, गहू तयार आहे पण रेल्वेच्या वाघिणी मिळत नाहीत. उमेदवार सरकारपक्षाच्या सभासदाकडे असला, तर तो खात्याकडे विचारणा करील, वाघिणी का कमी पडल्या ते समजून घेईल आणि शेतकऱ्याला उत्तर लिहून देईल. तोच पोरगा पुढच्या सहामाहीत विरोधी सभासदाकडे गेला, की तसल्याच पत्रावरून तो मंत्र्याला विचारायचा प्रश्न तयार करील. पत्र एकच, अडचण एकच. पण काम दोन तऱ्हेचे. ज्याने दोन्ही कामे केली त्याला कळते की, प्रश्न विचारणारा नुसता खोडसाळ नसतो आणि उत्तर देणारा नुसता लबाड नसतो. दोघांचीही गरज आहे, म्हणून तर सभागृहात बाके समोरासमोर मांडलेली असतात.

ओटावाची ही योजना पाहून प्रांतांनीही आपापल्या योजना काढल्या. ओंटारियोची १९७५ साली निघाली, ब्रिटिश कोलंबियाची १९७६ साली.

आता शेजाऱ्याकडे वळू. अमेरिकेच्या कायदेमंडळाला काँग्रेस म्हणतात. तिथल्या राज्यशास्त्राच्या संस्थेने १९५३ सालापासूनच प्राध्यापक, पत्रकार वगैरे मंडळींना सभासदांच्या कचेरीत काही महिने काम करायला पाठवण्याची प्रथा पाडली होती. पुढे ह्या दोन्ही योजनांची गाठ पडली. वॉशिंग्टनची मंडळी ओटावाला जाऊ लागली आणि ओटावाची उमेदवार मुले वॉशिंग्टनला. थोडे दिवस राहायचे, बैठका पाहायच्या, सभासदांना आणि त्यांच्या मदतनिसांना भेटायचे आणि खुशाल विचारायचे, ‘तुमच्याकडे हे असे का?’

दोन्ही देशांची मिळून सरहद्द सुमारे ८,९०० किलोमीटर लांब आहे. भाषा बरीचशी एक, वेष एक. म्हणून वाटते की कारभारही एकच असेल. तो तसा नाही. ओटावात पंतप्रधान स्वतः सभागृहात बसतो आणि विरोधकांच्या प्रश्नांना तोंड देतो. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचा सभासद नसतो आणि त्याच्या मंत्र्यांनाही सभासद राहता येत नाही. ओटावात सरकारचा अर्थसंकल्प सभागृहाने फेटाळला तर सरकार कोसळते. वॉशिंग्टनला काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाचे म्हणणे कितीही वेळा फेटाळले, तरी तो आपल्या जागी कायम. त्याने परदेशाशी तह केला, तर सेनेट नावाच्या वरिष्ठ सभागृहात दोन-तृतीयांश मते पडल्याखेरीज तो तह पक्का होत नाही. उलट कॅनडात नद्या, जंगले, खाणी ह्यांच्यावर प्रांतांचा हक्क मोठा. तिथे एकट्या ओटावाने ठरवून भागत नाही.

हे सारे पुस्तकात असते. शिक्षक मंडळी तर हे वर्गात सांगतातही. पण पुस्तकात वाचलेले आणि अनुभवाने पटलेले ह्यांत अंतर असते. ते अंतर केवढ्याला पडते, ह्याची दोन खरी उदाहरणे सांगतो. एकात अमेरिकेला धडा मिळाला, दुसऱ्यात कॅनडाला.

कोलंबिया ही मोठी नदी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उगम पावते आणि सरहद्द ओलांडून अमेरिकेत जाते. १९४८ सालच्या मे महिन्यात तिला महापूर आला आणि ओरेगन राज्यातले व्हॅनपोर्ट नावाचे गाव एका दिवसात नाहीसे झाले. हजारो माणसे बेघर झाली. मग विचार निघाला की, वरच्या अंगाला, कॅनडात, धरणे बांधून पाणी अडवावे. खाली अमेरिकेत पूर कमी होईल आणि वीज जास्त निघेल. त्या वाढीव विजेचा निम्मा वाटा कॅनडाला द्यावा. विचार सरळ होता. १७ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आणि कॅनडाचे पंतप्रधान डीफेनबेकर ह्यांनी तहावर सह्या केल्या. मार्च महिन्यात अमेरिकेच्या सेनेटने मंजुरीही दिली. आता काय, काम झाले असे वाटावे!

पण काम अडले ते तब्बल साडेतीन वर्षे. कारण पाणी होते प्रांताचे आणि प्रांताचे मुख्यमंत्री बेनेट ह्यांचे म्हणणे निराळे होते. आपल्या वाट्याची वीज अमेरिकेलाच विकून त्या पैशात धरणे बांधावीत, असे ते म्हणत. ओटावा सरकारला ती वीज कॅनडात हवी होती. ओटावा आणि प्रांत ह्यांचे जुळेपर्यंत तह कागदावर राहिला. शेवटी वीज विकायची असे ठरले आणि १६ सप्टेंबर १९६४ रोजी तह अमलात आला. पंतप्रधानाची सही म्हणजे सगळ्या देशाची सही, असे समजणाऱ्यांना कॅनडाचे घर आतून कसे आहे ते तेव्हा कळले.

दुसरे उदाहरण समुद्राचे. पूर्व किनाऱ्यावर दोन्ही देशांचे कोळी एकाच पाण्यात मासेमारी करीत. कोणी किती मासे धरायचे ह्याचा करार १९७९ साली झाला. दोन्ही सरकारांनी सह्या केल्या. कॅनडाच्या लोकांनी मानले की राष्ट्राध्यक्षांचे सरकार सही करून बसले, प्रश्न मिटला. पण अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या कोळ्यांना तो करार पसंत नव्हता. त्यांनी आपल्या सेनेटरांना गाठले. सेनेटने करार मंजूर केलाच नाही आणि १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनी तो परत घेतला. समुद्रातली हद्द कोठे पडते हा प्रश्न मग हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. निकाल १९८४ साली लागला. नुसत्या परराष्ट्रखात्याशी बोलून वॉशिंग्टनला काम होत नाही, सभासदांच्या दारीही जावे लागते, ही गोष्ट कॅनडाच्या मुत्सद्द्यांनी ह्यावरून मनाशी बांधली.

दोन्ही वेळा माणसे वाईट नव्हती. हेतूही वाईट नव्हता. चूक इतकीच की, शेजाऱ्याच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा चालतो ह्याचा अंदाज चुकला. मुलीच्या लग्नाची बोलणी करताना आपण सोयऱ्याच्या घरात कोणाचे चालते हे आधी विचारतो. वडील हो म्हणाले, पण आजीचे मन राखले नाही, तर पुढे काय होते ते तुम्हांला सांगायला नको!

आता हे खरे की, दहा मुले चार दिवस वॉशिंग्टनला जाऊन आली म्हणून नदीचे आणि समुद्राचे तंटे मिटत नाहीत. मासळीचा तो करार झाला तेव्हा ओटावाची योजना दहा वर्षांची होती. तिने तो वाचवला नाही. तिचा गुण सावकाश लागणारा आहे. ही मुले पुढे कोणी अधिकारी होतात, कोणी शिक्षक, कोणी सभासदांचे सल्लागार, तर कोणी स्वतः निवडून येतात. वीस वर्षांनी तंटा उभा राहतो तेव्हा खोलीत निदान एक जण असा असावा की, ज्याने शेजाऱ्याचे सभागृह डोळ्यांनी पाहिले आहे. १९९१ साली तर त्या भागातल्या अमेरिकन राज्यांनी आणि कॅनडाच्या प्रांतांनी आपापल्या कायदेमंडळांत कायदे करून एक समाईक मंडळ काढले आणि दोन्हीकडचे आमदार त्यात नेमाने एकत्र बसू लागले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. कोलंबियाच्या तहामुळे ब्रिटिश कोलंबियात अ‍ॅरो सरोवराकाठची शेते आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. सुमारे दोन हजार माणसांना घरे सोडावी लागली. तिथल्या आदिवासींना तर कोणी विचारलेही नव्हते. वरच्या माणसांच्या सह्या जुळल्या, पण काठावरच्या माणसाचे म्हणणे राहून गेले. कोयनेच्या किंवा उजनीच्या काठचे जे श्रोते असतील त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. म्हणून मला उमेदवारीतले सर्वांत मोलाचे काम कोणते वाटते म्हणाल, तर ते सभासदाला आलेली पत्रे वाचण्याचे. जो तरुण वर्षभर अशी पत्रे वाचतो, त्याला नकाशावरच्या निळ्या रेघेकाठी घरे असतात ह्याचा सहसा विसर पडत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कॅनडात ही योजना निघाली त्याच १९६९ साली कृष्णेच्या पाण्याच्या तंट्यासाठी आपल्याकडे लवाद नेमला गेला. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, सातारा-सांगलीहून कर्नाटकात जाते आणि पुढे आंध्राच्या किनाऱ्याला समुद्राला मिळते. २०१९ सालच्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडची गावे पाण्यात होती, तेव्हा आलमट्टी धरणातून पाणी किती सोडावे ह्यावर दोन्ही राज्यांना बोलावे लागले. वरच्याला खालच्याची गरज पडते आणि खालच्याला वरच्याची.

आपल्याकडेही उमेदवारीची सुरुवात झालेली आहे. २०१० सालापासून खासदारांना अभ्यासात मदत करण्यासाठी पदवीधर तरुणांची निवड करणारी एक योजना दिल्लीत निघाली. आपल्या विधिमंडळातही नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. मुले कामकाज पाहतात, मंत्री आणि विरोधी नेते त्यांच्याशी बोलतात. ही चांगली गोष्ट आहे. तिच्यात भर एवढीच घालावी असे वाटते की, आपली काही मुले बंगळूरला, गोव्याला आणि हैदराबादला जावीत आणि तिकडची इकडे यावीत. आणि दोन्ही बाकांवर बसण्याची ती कॅनडाची अटही आपण उचलावी.

पण त्यासाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. गुरुजींनो आणि बाईंनो, हे तुम्हांला शाळेत करता येईल. वर्गात गावच्या एखाद्या खऱ्या प्रश्नावर सभा भरवा. बंधाऱ्याचे पाणी आधी कोणाला, असा विषय घ्या. निम्मी मुले एका बाजूने बोलतील, निम्मी दुसऱ्या. आणि रंग भरला की मध्येच घंटा वाजवून बाजू बदलायला सांगा. आत्ता ज्याच्यावर तावातावाने बोलत होता, त्याचेच म्हणणे आता मांड बघू! मुले आधी हसतील, मग विचारात पडतील.

आणि सरपंच मंडळींनो, ग्रामसभेला वरच्या वर्गातली दोन-चार मुले मागे बसवा. त्यांना हात वर करायचा नाही, नुसते पाहायचे आणि टिपून घ्यायचे. तुमच्या आणि शेजारच्या गावाचा ओढा एक असेल, तर तुमची दोन मुले त्यांच्या ग्रामसभेला पाठवा आणि त्यांची दोन बोलवा. परत आल्यावर त्यांना एकच विचारा: त्यांच्याकडे शेवटचा शब्द कोणाचा असतो, आणि कोणाचे म्हणणे ऐकून घ्यायचे राहून जाते?

ह्या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या पोराला सांगता आली, त्याची उमेदवारी सुरू झाली असे समजा. रंधा पुढे कधीतरी हातात येईलच.