लेकीचं कॉलेज बदलताना : आधी हिशोब, मग प्रवेश

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वाणिज्य शाखेच्या एका प्राध्यापक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवावं.)



मला विषय दिलाय 'मुलींचं उच्च शिक्षण'. विषय लई मोठा आहे. त्यातला एकच तुकडा मी आज घेते. पोरगी बी.कॉम. किंवा बीबीएला आहे, एक-दोन वर्षं झालीत, आणि मध्येच कॉलेज बदलायची वेळ आली. अशा वेळी काय करायचं?

ही वेळ का येते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुणाचं लग्न ठरतं. कुणाच्या घरचे कामासाठी पुण्याला जातात. कुणाला तालुक्याच्या कॉलेजात तासच होत नाहीत म्हणून लातूरला जायचं असतं. आणि बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "राहू दे आता, झालं तेवढं बास." दोन वर्षं शिकलेली पोरगी घरी बसते. आपण बचतीचा दहा रुपयांचा हिशोब सोडत नाही, मग पोरीची दोन वर्षं कशी सोडून द्यायची?

आपलं विद्यापीठ कुठवर?

पहिली गोष्ट समजून घ्या. कॉलेज बदलणं वेगळं आणि विद्यापीठ बदलणं वेगळं.

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाच सुरू झालं. त्याआधी आपल्याकडची कॉलेजं औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला जोडलेली होती. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे नांदेडच्या विद्यापीठात येतात. वाणिज्य आणि व्यवस्थापनाचा विभाग विष्णुपुरीच्या मुख्य परिसरात आहे, आणि लातूरच्या उपकेंद्रातही व्यवस्थापन शिकवलं जातं.

म्हणजे लोह्याची पोरगी लातूरला गेली तरी विद्यापीठ तेच. मुखेडची परभणीला गेली तरी तेच. अशा वेळी जुन्या कॉलेजचं ना-हरकत पत्र, नव्या कॉलेजात जागा आणि विद्यापीठाची परवानगी एवढं लागतं. फक्त एक बघायचं. नवं कॉलेज स्वायत्त असेल, जसं लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय आहे, तर ते आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतं. तिथं आधीचे विषय जुळतात का हे प्रवेशाआधी विचारावं.

आता लातूर जिल्ह्याची वेस ओलांडून धाराशिवला गेलात की विद्यापीठ बदललं. ते छत्रपती संभाजीनगरचं. सोलापूरला गेलात तर तिसरं. देगलूर-उदगीरकडून बिदरला गेलात तर राज्यच बदललं. गाडीनं तासाभराचा रस्ता, पण कागदाच्या हिशोबानं लई लांबचा.

एका पोरीचा हिशोब

कंधार तालुक्यातल्या आपल्या एका समूहातल्या ताईंच्या लेकीचं सांगते. नाव घेत नाही. बी.कॉम.ची दोन वर्षं झाली आणि लग्न झालं, धाराशिव जिल्ह्यातल्या, लातूरला लागून असलेल्या गावात. सासरची माणसं चांगली. सासरे म्हणाले, "सूनबाई, आपल्या इथलं कॉलेज पाच किलोमीटरवर आहे, तिथंच जा की." सगळ्यांना पटलं. सोयीचं दिसत होतं.

ताईंनी मला फोन केला. मी म्हटलं, थांबा, आधी दोन्ही बाजू मांडू. जवळचं कॉलेज पाच किलोमीटरवर, पण विद्यापीठ दुसरं. तिथं मायग्रेशन लागणार, पात्रता प्रमाणपत्र लागणार, विषय जुळवावे लागणार. जे जुळणार नाहीत ते पुन्हा द्यावे लागणार. शिवाय नव्या श्रेयांक पद्धतीत ज्या संस्थेची पदवी घ्यायची तिथं किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. जिची दोन वर्षं संपलीत ती तिसऱ्या वर्षाला गेली तर निम्मे कुठून होणार? एक वर्ष तरी वाया जायची भीती. लातूर शहरातलं कॉलेज एसटीनं तासाभरावर, पण विद्यापीठ तेच. विषय तेच, वर्ष वाया नाही. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना मोठी सवलत असते.

हे सगळं कागदावर लिहून तिनं सासऱ्यांपुढं ठेवलं. त्यांना सालाचा हिशोब लगेच कळला. म्हणाले, "वर्ष घालवण्यापेक्षा गाडीचं भाडं परवडलं." पोरगी लातूरला जाऊन तिसरं वर्ष पास झाली. आता सासरच्या गावच्या समूहाची पुस्तकं तीच लिहिते.

म्हणून माझं म्हणणं : पहिलं वर्ष संपल्यावर विद्यापीठ बदलता येतं, दुसरं संपल्यावर ते अवघड होतं. शेवटचं एकच वर्ष राहिलं असेल तर शक्यतो त्याच विद्यापीठातलं दुसरं कॉलेज शोधा. लग्नाची तारीख काढताना परीक्षेचं वेळापत्रकही समोर ठेवा. हे सांगायला कुणी लाजू नये. सोयरीक जमवताना आपण एवढं बोलतो, तर "पोरीची पदवी पूर्ण होऊ द्याल ना?" हेही बोलून घ्यावं.

श्रेयांकाची बँक

नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक ही गोष्ट आली. एका वर्षाचे साधारण ४० ते ४४ श्रेयांक असतात. पोरगी विषय पास झाली की ते तिच्या खात्यात जमा होतात. खात्याचं नाव अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, त्यालाच एबीसी म्हणतात. आपल्या पासबुकासारखंच समजा. जमा केलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं धरले जातात. म्हणजे बाळंतपणात एक-दोन वर्षं खंड पडला तरी केलेलं शिक्षण बुडत नाही.

या पद्धतीत एक वर्ष करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका, तीन वर्षांवर पदवी आणि चार वर्षांवर ऑनर्स पदवी मिळते. मध्येच बाहेर पडताना कौशल्याचे थोडे जादा श्रेयांक करावे लागतात. थांबायची पाळीच आली तर रिकाम्या हातानं थांबू नका, प्रमाणपत्र किंवा पदविका मागून घ्या. पुढं तिथूनच परत सुरू करता येतं.

एक सूचना लक्षात ठेवा. हे खातं आधारवर उघडतं. लग्न झालं की आपण लगेच पोरीच्या आधारवरचं नाव बदलतो. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, मग जोडणी होत नाही. पदवी हातात येईपर्यंत आधारवरचं नाव बदलायची घाई करू नका. बदललंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

बी.कॉम. की बीबीए?

पुष्कळ पोरी बी.कॉम. सोडून बीबीए करायचं म्हणतात. बीबीएला २०२४-२५ पासून एआयसीटीईची मान्यता लागते आणि राज्याची सीईटी असते. बी.कॉम.चं पहिलं वर्ष केलेल्या पोरीला बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला सरळ बसवतील असं गृहीत धरू नका. बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एवढं करून काय जास्त मिळणार, हे आधी विचारा. हिशोब, जीएसटी, बँकेचं काम करायचं असेल तर बी.कॉम.ही चांगलं आहे. त्याच्या जोडीला टॅली शिकली तर आणखी चांगलं.

फी माफीचंही ऐकून घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत पाहिजे, आणि ती आर्थिक मागास, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातली पाहिजे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला, किंवा खासगी विद्यापीठात घेतला, तर ही माफी नाही. एससी-एसटी मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. कॉलेज बदलताना जुन्या शिष्यवृत्ती अर्जाचं पुढं काय होणार, हे दोन्ही कॉलेजांच्या खिडकीवर विचारा.

घरी बसून पदवी

ज्या पोरीला रोज जाणं जमतच नाही तिच्यासाठी दोन सरकारी मुक्त विद्यापीठं आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये झालं, त्याचं विभागीय केंद्र नांदेडला आहे. दुसरं दिल्लीचं इग्नू. यूजीसीची मान्यता असलेल्या दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात.

पण इथंच फसवणूकही जास्त होते. तालुक्याच्या गाळ्यात बोर्ड लागतो, "घरबसल्या एका वर्षात बीबीए." आपल्या भागातल्या एका ताईंनी समूहातून अंतर्गत कर्ज काढून असे चाळीस हजार भरले. पावती कच्च्या कागदाची. वर्षानं गाळा बंद, माणूस गायब. पदवी नाही, आणि हप्ते मात्र अजून चालूच आहेत. बायांनो, तीन वर्षांची पदवी कुणी एका वर्षात देत असेल तर ते शिक्षण नव्हे. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी यूजीसीच्या वेबसाइटवर त्या विद्यापीठाचं नाव आणि दूरशिक्षणाची मान्यता बघा. बोगस विद्यापीठांची यादीही तिथंच असते. मोबाइलवर जमत नसेल तर सीआरपी ताईंना बघायला सांगा.

पैशाचं

कॉलेज निवडताना फक्त फी विचारू नका. समजा, फी ३० हजार आहे आणि खोली-मेस महिन्याला ६ हजार. दहा महिन्यांचे ६० हजार झाले. म्हणजे वर्षाचे ९० हजार, आणि गाडीभाडं, पुस्तकं वेगळी. दुसरीकडं फी ४० हजार आहे पण पोरगी घरून जाते. कुठलं स्वस्त? बोर्डावरची फी बघून हे कळत नाही, वहीत मांडावं लागतं.

कर्ज काढायचं तर समूहाचं कर्ज आणि बँकेचं शैक्षणिक कर्ज यातला फरक ओळखा. समूहाच्या कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. शैक्षणिक कर्जाची परतफेड शिक्षण संपल्यावर, साधारण वर्षभरानं सुरू होते, आणि ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. समूहाचं कर्ज शेळी-म्हशीला, दुकानाला ठेवा, जिथून लगेच पैसा फिरतो.

आणि प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते, हे लक्षात ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर जवळजवळ पूर्ण फी मिळते, जास्तीत जास्त ५ टक्के किंवा ५ हजार यातली कमी रक्कम कापतात. १५ दिवसांच्या आत आलात तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, पुढं ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. आणि कॉलेजला तुमची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. तपासून परत द्यावी लागतात.

जाण्याआधीची पिशवी

जुनं कॉलेज सोडताना ही कागदं एका पिशवीत घाला :

१. टी.सी., आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन.
२. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि एबीसी क्रमांक.
३. केलेल्या विषयांचा अभ्यासक्रम, कॉलेजच्या शिक्क्यासह. विषय जुळवताना हाच कामी येतो.
४. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला, लागत असल्यास नॉन-क्रिमीलेअर. खंड पडला असेल तर त्याचं शपथपत्र.
५. भरलेल्या फीच्या पावत्या.

आणि टी.सी. काढायच्या आधी नव्या कॉलेजात जागा आहे, एटीकेटी असेल तरी घेतात, हे लेखी घ्या. तोंडी "या, बघू" यावर जुनं कॉलेज सोडू नका. नाहीतर पोरगी ना इकडची ना तिकडची होते.

शेवटी प्रभागसंघाला एक मागणी आहे. प्रत्येक ग्रामसंघानं जून महिन्यात एक बैठक फक्त यासाठी ठेवावी. गावातल्या किती मुली बारावीनंतर शिकतात, किती जणी मध्येच थांबल्या, का थांबल्या, हे नोंदवहीत लिहावं. थांबलेल्या प्रत्येकीच्या घरी दोघी जणींनी जाऊन विचारावं, "परत सुरू करायचं का?" कर्ज थकलं तर आपण घरी जातो ना? मग पोरीचं शिक्षण थकलं तर का जाऊ नये? आजच्या सभेत तसा ठराव घ्यावा, एवढी विनंती करते आणि थांबते.

जय जिजाऊ, जय सावित्री.