रत्नागिरीची हवा आणि मुंबईची छाती

रत्नागिरीचा चाकरमानी तीस-पस्तीस वर्षें गिरणगांवांत काढून गांवीं परतला, म्हणजे घरचीं माणसें त्यास समुद्राच्या वाऱ्यावर बसवीत आणि ‘एक पावसाळा जाऊं दे, खोकला आपोआप जाईल,’ असा दिलासा देत. श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं हा प्रसंग घडला असेल. दिलासा प्रेमाचा खरा. परंतु छातीचा हिशेब निराळा आहे.

त्याच गिरणगांवांतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनीं १९७७ पासून हा हिशेब मांडून पाहिला. सल्फर डायऑक्साइडचें प्रमाण कमीअधिक असलेल्या मुंबईच्या तीन वस्त्या आणि तुलनेसाठीं एक ग्रामीण विभाग मिळून ४१२९ माणसें तपासलीं. तिन्ही वस्त्यांत जेथें हा वायु सर्वांत अधिक, तेथें जुनाट खोकला व दम लागणेंही अधिक आढळलें. कापसाच्या तंतूंनीं गिरणीच्या आंत जडणारा विकार वेगळा. येथें प्रश्न रस्त्यावरील, सर्वांच्या हवेचा होता. खेड्यांतील चूलही निर्दोष नव्हे, हें जातां जातां सांगितलें पाहिजे.

जाड धूळ नाक अडवितें. परंतु अडीच मायक्रॉनांहून बारीक कण, म्हणजे केंसाच्या जाडीचा सुमारें तिसावा भाग, फुप्फुसाच्या कोशांपर्यंत पोंचतात व तेथें मंद दाह उत्पन्न करतात. त्याची झळ रक्तवाहिन्यांस लागते. म्हणून वर्षानुवर्षें अशी हवा घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघातही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१३ मध्यें दूषित हवेस कर्करोगकारक ठरविलें. स्वच्छ वारा पुढील हानि मंदावतो. गेलेली शक्ति मात्र बहुधा परत येत नाहीं. कॅलिफोर्नियांतील दीर्घ पाहणींत दूषित भागांतील मुलांचीं फुप्फुसें कमी वाढलेलीं दिसलीं, आणि हवा सुधारल्यावर पुढच्या पिढीचीं अधिक वाढलीं.

आतां धूर कोंकणांतच आला आहे. जयगडास २०१० पासून दगडी कोळशावर वीज निर्माण होते. त्या प्रकल्पामुळें हापूसचें काय होईल, हा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि तें योग्यच झालें. बागाईतदार आपला मोहोर दरसाल न्याहाळतो. फुप्फुसाचा मोहोर डोळ्यांना दिसत नाहीं. तो पाहण्यास स्पायरोमीटर हें फुंकर मारण्याचें साधें यंत्र पुरतें. खाडीकांठच्या शाळांतील मुलांचा श्वास दरवर्षीं त्यांत मोजून वहींत टिपून ठेवला, तर वीस वर्षांनीं त्यांच्या छातीविषयीं कोणास अंदाजानें बोलावें लागणार नाहीं.