धूर आणि ढिगारा



सल्फाइडचे घट्ट, भरीव साठे कसे बनतात हे शिकवताना आपण विद्यार्थ्यांना एक छायाचित्र हमखास दाखवतो: काळोख्या समुद्रतळावर उभं धुराडं आणि त्यातून उसळणारा काळा धूर. मला आज एवढंच सांगायचं आहे की, त्या धुरात दिसतो तो निसटून चाललेला धातू. साठा त्याच्या खाली बनत असतो.

१९७९ साली ‘अल्विन’ पाणबुडी पूर्व प्रशांत महासागरातल्या डोंगररांगेवर, २१ अंश उत्तर अक्षांशाजवळ उतरली. तिथल्या धुराड्याच्या तोंडाशी धरलेल्या तापमापकाचं प्लॅस्टिक वितळलं. पाण्याचं तापमान ३५० अंश सेल्सियसच्या वर होतं. अडीच किलोमीटरहून जास्त खोलीच्या दाबामुळे ते उकळत नव्हतं.

हे पाणी मुळात समुद्राचंच. ते भेगांतून खाली झिरपतं. तापत जाताना त्यातलं मॅग्नेशियम खडकातल्या क्लोराइटसारख्या खनिजांत अडकतं आणि पाणी आम्लधर्मी होतं. सल्फेटचा मोठा भाग अनहायड्राइटच्या रूपात वाटेतच उतरतो. शिलारसाच्या जवळ पोचलेलं हे तप्त, आम्ल, खारट पाणी बेसॉल्टमधलं लोखंड, तांबं, जस्त आणि गंधक सोडवून घेतं. त्यातलं क्लोराइड धातूंना बांधून वर आणतं. समुद्रतळाशी दोन अंशांचं थंड पाणी भेटलं की पायराइट, चाल्कोपायराइट, स्फॅलेराइट यांचे बारीक कण क्षणात तयार होतात. काळा धूर म्हणजे हेच कण. त्यांतले बहुतेक प्रवाहाबरोबर दूर पसरतात.

मग साठा कुठून येतो? याचं उत्तर १९९४ साली अटलांटिकच्या मधल्या रांगेवर, २६ अंश उत्तरेजवळच्या ‘टॅग’ ढिगाऱ्यात भोकं पाडली तेव्हा हाती लागलं. सुमारे २०० मीटर रुंद आणि ५० मीटर उंच असा हा ढिगारा. त्याच्या पोटात कोसळलेल्या धुराड्यांचे तुकडे होते आणि त्यांना सांधणारं भरपूर अनहायड्राइट होतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. अनहायड्राइटचं उलटं आहे. प्रवाह थांबून ढिगारा थंडावला की ते विरघळू लागतं, आधार सुटतो आणि वरचं सारं खचतं. प्रवाह पुन्हा सुरू झाला की गरम पाण्याला या राडारोड्यातून वाट काढावी लागते आणि धातू आतच अडकतो. शिवाय नंतरचं गरम पाणी आतलं तांबं-जस्त उचलून वरच्या, थंड भागाकडे नेतं. म्हणून टॅगच्या पोटात पायराइटच फार आणि तांब्या-जस्ताची श्रीमंती वरच्या काही मीटरांत. पडझड आणि पुन्हा भरण असं हजारो वर्षं चाललं, तेव्हा तिथे लाखो टन सल्फाइड जमलं.

तेही टिकलं तर. प्राणवायूयुक्त समुद्रजलात उघडं पडलेलं सल्फाइड गंजून जातं. जपानच्या होकुरोकू भागातले कुरोको साठे सव्वा कोटीहून अधिक वर्षं टिकले, कारण ज्वालामुखीच्या राखेने आणि चिखलाने ते झाकले गेले. एखादा प्रदेश पाहताना मी तरी आधी हे आच्छादन शोधतो.

आपल्याकडचे साठे फार जुने आहेत आणि उष्णतेने, दाबाने पार बदललेले आहेत. गुजरात-राजस्थानच्या सीमेवर अंबाजी-देरीला जा. पाणी वर येण्याच्या वाटेवरचा क्लोराइटचा खडक तिथे कॉर्डिएराइट आणि अँथोफिलाइट होऊन बसला आहे. धातुकाचा थर दुमडला, ताणला गेला, तरी ही खूण राहिली. बैतूलच्या पट्ट्यात आणि आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या कोलारी-भानोरीच्या जस्ताजवळही अशाच बदललेल्या खडकांकडे बारकाईने पाहायला हवं.

समुद्रातही धुराच्या मागे न जाता शोध घ्यायला हवा. भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी हिंदी महासागरातल्या १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी करार केला. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या वास्कोच्या आणि चेन्नईच्या आपल्या शास्त्रज्ञांनी साडेचार किलोमीटर खोलीवरच्या जिवंत झऱ्याची छायाचित्रं मिळवली. त्यांचं मन:पूर्वक अभिनंदन. पण खाणकामाची चर्चा होईल तेव्हा जिवंत झरे वगळा, असा माझा आग्रह राहील. तिथली सारी जीवसृष्टी त्या गंधकयुक्त पाण्यावर पोसलेली आहे. विझलेले ढिगारे शोधा. ते ना धूर देतात ना गरम पाणी, म्हणून त्यांचा माग चुंबकीय आणि विद्युत मापनांनीच काढावा लागतो. हे काम अवघड आहे, आणि आपल्या तरुणांनी तेच हाती घ्यावं.

शेवटी या परिषदेपुढे एक ठराव मांडतो. धातुक न लागलेल्या भोकांचे गाभे ‘कोरडे’ म्हणून फेकले जातात. त्यांत क्लोराइट, गाहनाइट किंवा कॉर्डिएराइट असेल, तर साठ्याची वाट जवळच असू शकते. असे गाभे नोंदींसह जपून ठेवावेत आणि विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी खुले करावेत, अशी विनंती आपण खाणकंपन्यांना आणि राज्य शासनाला करावी. अनुमोदन द्यावं, ही विनंती.