लेण्यांतली वस्त्रे आणि आजचा पेहराव



महाडहून मुंबईच्या वाटेला लागले की डोंगरात गंधारपाल्याची लेणी दिसतात. पोलादपूरची मंडळी तर ती एस्टीतून नित्य पाहतात. तेथील शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याचे नाव आहे. हा कुमार नेसत काय असेल?

आपल्या हवेत कापड टिकत नाही. नेवाशाच्या उत्खननात सांकलियांना तीन हजार वर्षांपूर्वीचा धागा मिळाला, तोही तांब्याच्या मण्यांत अडकून राहिला होता म्हणून. तेव्हा जुन्या वस्त्रांवरून नवा पोशाख बेतणाऱ्याला चित्रे आणि शिल्पे यांचाच आधार.

हे काम मोठ्या ताकदीने केले ते कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकर्तीला ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर मिळाले, हे आपण जाणताच. मला मात्र त्यांचे १९६६ च्या ‘आम्रपाली’तले काम अधिक मोलाचे वाटते. वैजयंतीमालेचा पोशाख त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून बेतला. छातीस घट्ट पट्टा, कमरेखाली अंगासरशी नेसलेले वस्त्र. चित्रातली स्त्री जागची हलत नाही; नटीला नाचायचे असते. ऐन गिरकीत निरी सुटली म्हणजे? तेथे नुसती नक्कल कामाची नाही, कापायला-बेतायला जाणता हात लागतो.

आता इतिहासाचा हिशेब पाहू. आम्रपाली बुद्धाच्या काळातली. अजिंठ्याची बहुतेक चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. मध्ये सुमारे हजार वर्षे! ही चूक मी चित्रपटाला माफ करतो. तिच्या काळचे चित्रच हाती नाही, तर तिला नेसवायचे काय? माफ करवत नाही ते पुढचे. प्राचीन स्त्री म्हटली की तोच पोशाख, मग काळ मौर्यांचा असो की सातवाहनांचा. शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत हे लोण पोचले आहे.

आपल्या काणभोजाला उद्या रंगमंचावर आणायचे झाले, तर पाचव्या शतकातली ती चित्रे फार उशिराची पडतील. त्यापेक्षा कार्ल्याला जावे. चैत्याच्या दर्शनी भिंतीवरची युगुले पाहावीत. पुरुषांच्या डोक्यावर भरदार पागोटी, स्त्रियांच्या कमरेला जड मेखला, पायांत तोडे. काठापदराची आपली कल्पना थोडा वेळ बाजूला ठेवावी. आणि जाताना एखादा विणकर व एखादा शिंपी बरोबर न्यावा. दगडातली चुणी कोठून सुरू होते, ते त्यांना आपल्याआधी दिसेल.